लिपलेला कोनाडा

कारंज्याला जाते, लेकराच्या दुपट्यासाठी मऊ कापड आणते, असं घरी सांगून मी निघाली. खोटं होतं. पण खोटं बोलताना माझा आवाज हलत नाही, लहानपणापासूनच हलत नाही. पिशवीत दोन भाकरी, कांदा, ठेचा, एक नवा खण, हळदीकुंकवाची पुडी, आणि सगळ्यात खाली फडक्यात गुंडाळलेली लहान सब्बल, म्हणजे पहार. वैशाख होता, एकोणऐंशी साल. एसटी साडेनवाला फाट्यावर यायची. मी फाट्यावर उभी राहिली, गाडी आली, गाडी गेली, धुरळा खाली बसला. मग मी उलट्या अंगानं तलावाची वाट धरली.

भुताची गोष्ट म्हटली की तुम्हाला अमावस्या पाहिजे, पैंजण पाहिजेत. माझ्याकडे ते नाही. जे झालं ते भर दुपारी, डोक्यावर पदर टिकत नव्हता अशा उन्हात झालं. आणि खरं सांगते, तेव्हा मी घाबरली नाही. घाबरायलाही अंगात जोर लागतो. तीन महिने मी धड झोपली नव्हती. दिवसा वावर, रात्री लेकीच्या उशाशी बसणं. माझ्यात भ्यायला काही शिल्लकच नव्हतं.

लेक म्हणजे वच्छला. पोटची नाही. माझ्या मालकाच्या, दौलतरावांच्या पहिल्या बायकोची. ती बाई, सुभद्रा, बाळंतपणात गेली आणि वर्षाच्या आत मला त्या घरात आणलं. तेव्हा मी एकोणीस वर्षांची, चौथी शिकलेली, तोंडानं तिखट. वच्छला रांगत होती. मला पाहून ती रडली नाही, सरळ येऊन माझ्या मांडीवर बसली. तेव्हापासून ती माझी.

आमच्याकडे रीत आहे. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. टाक म्हणजे चांदीचा रुपयाएवढा पत्रा, त्यावर हात जोडून उभी बाई ठोकलेली. लग्नाच्या दिवशी मंगळसूत्राच्या आधी तो माझ्या गळ्यात पडला. मग नवं लुगडं आलं की आधी टाकावर पांघरायचं, मग मी नेसायचं. हळदीकुंकू आधी तिला. सणाचा पहिला घास तिला. तेरा वर्षं मी दुसऱ्या बाईचं उष्टं जगली. माझी कूस काही उजवली नाही. बाया म्हणायच्या, पहिली होऊ देऊन नाही राह्यली. ऐकून ऐकून मलाही तसंच वाटायला लागलं.

चौऱ्याहत्तर साली गाव उठलं. दुष्काळात धरणाच्या कामावर माती आम्हीच टाकली होती, त्याच धरणाचं पाणी आमच्या दारात आलं. सामान गाड्यांवर चढत होतं. दौलतराव छपराची लाकडं काढत होते. मी एकटी स्वयंपाकघरात गेली, गळ्यातला टाक काढला, चुलीमागच्या कोनाड्यात ठेवला आणि कोनाड्याचं तोंड दगडमातीनं लिपून टाकलं. वरून बोटं फिरवून सारवलं. बाहेर येऊन सांगितलं, गडबडीत टाक कुठं पडला कोण जाणे. दौलतरावांनी दोन दिवस गावभर विचारलं. मी त्यांच्यासोबत शोधायचं सोंग केलं.

नव्या जागी मी पाच वर्षं मोकळ्या गळ्यानं जगली. पहिला घास मी खाल्ला.

त्यातच दुसऱ्या वर्षी वच्छलाचं लग्न झालं. पहिलं लेकरू आठव्या महिन्यात गेलं, दुसरं सातव्यात. दोन्ही वेळेला सगळं ठीक होतं, डॉक्टरनं हात लावून ठीक सांगितलं होतं, आणि एका सकाळी पोटातली हालचाल थांबली. तिसऱ्या खेपेला मी तिला पाचव्यातच घरी आणलं. सातवा लागला आणि ती झोपेतून उठून चूळ भरायला लागली. म्हणायची, "आई, तोंडात माती आली." शेजारणी म्हणाल्या, गरोदर बाईला मातीची चव लागतेच. पण मी तिची चूळ परातीत धरून पाहिली होती. पाणी गढूळ होतं. तळाशी माती बसली, बारीक, काळी, जुन्या गावच्या नदीकाठची. आमच्या नव्या गावाला नदी नाही.

ती माती पाहिली त्याच सकाळी मी ठरवलं.

उकंडा भोई काठावरच बसला होता, जाळं शिवत. जुन्या गावचाच माणूस, माझ्या बरोबरीचा. सगळं गाव उठून गेलं, हा एकटा तलावाला चिकटून राहिला. मासे धरायचा, बुडी मारून लोकांच्या मोडक्या घरातलं काहीबाही वर काढायचा. कोणाचा पाटा, कोणाची उखळी.

"वयनी, एकल्याच? दौलतभाऊ नाही आले?"

"त्याईले माहीत नाही. अन् तुह्या तोंडून माहीत झालं तं तुहा डोंगा मी चुलीत घालीन."

"घाला. आमच्या बाईचा जीव थंडा होईन. रोज तेच म्हनते."

तलावाच्या मधोमध बेट आहे. बेट हा शब्द धरणावरच्या साहेब लोकांचा, आमच्यासाठी ती टेकडी. गाव तिच्या पायथ्याशी होतं. पावसाळ्यात शेंडा तेवढा वर राहतो, वैशाखात पाणी उतरलं की बरीच उघडी पडते. वर शिंदीची दहाबारा झाडं, बाकी काही नाही. आमचं घर टेकडीला अगदी लागून होतं, म्हणून उन्हाळ्यात त्याच्यावर दोन पुरुष पाणी उरायचं. बुडी मारण्यासारखं.

उकंड्यानं डोंगा लोटला. बांबू टेकवत बोलत चालला होता.

"अथी कोनी येत नाही पाहा. गाव पाह्यलं का लोकाईले रडू येते. मले नाही येत. मी तं रोज जातो. पाटलाच्या माडीत आता मरळ राह्यते. पाटलासारखीच माजली हाय, जाळ्यातच येत नाही."

मी हसली असेन. आठवत नाही.

"काय काढाचं हाय, वयनी? वरवंटा?"

"टाक."

बांबू थांबला. "मोठ्या वयनीचा?"

"हव."

"तो तं हरपला होता ना? मी बी शोधला होता तवा, दौलतभाऊसंगं."

"हरपला नव्हता. मी चुलीमागच्या कोनाड्यात घातला अन् लिपला."

डोंगा आपोआप थोडा पुढं गेला. पाण्याचा लाकडावर चुबुक चुबुक आवाज. उकंड्या माझ्याकडे पाहत नव्हता.

"लिपला," तो म्हणाला.

"दगड लावून."

"तुमी बी वयनी..."

"काय मी बी?"

"काही नाही. ऊन लय झालं. डोक्यावर घ्या."

त्यानंतर त्यानं मस्करी केली नाही. मी त्याला वच्छलाचं सगळं सांगितलं, चूळ भरण्याचं सोडून. तो नुसता हं हं करत राहिला.

बेटावर उतरली तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. पायाखाली चिखल वाळून खपल्या झाल्या होत्या, पाऊल टाकलं की करकर वाजायच्या. कुजलेल्या शेवाळाचा, माशाचा वास. शिंदीची पानं हलत नव्हती. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नाही. कावळा नाही, चिमणी नाही. माझ्या कानात माझंच रक्त वाजत होतं. तिथं मला वाटलं, इथं पडावं आणि झोपावं. कोणी उठवू नये. वाटलं तर वाटलं, मी लपवत नाही. लेकीचं लेकरू पोटात जिवाशी झगडत होतं आणि मला झोप हवी होती.

उकंड्यानं डोंग्यातून त्याचं सामान काढलं. डालड्याचा मोठा डबा, खालचा पत्रा कापून तिथं काच बसवलेली, कडेनं डांबर. आणि पपईच्या पानाचा हातभर लांब देठ, आतून पोकळ. डबा पाण्यावर दाबला की काचेतून तळ दिसतो. देठ तोंडात धरून, तोंड पाण्यात घालून पालथं तरंगलं की वर न येता श्वास घेता येतो. अशानं तो तास तास पाण्यावर पडून खालची घरं धुंडाळायचा.

काठापासून वीसेक हातांवर तो पालथा तरंगत होता. दगडाला गुंडाळलेल्या दोरानं जागा पक्की केली. मग बराच वेळ हललाच नाही. नुसता तो देठ पाण्याबाहेर, त्यातून फूस फूस श्वास. मी काठावर बसून तो श्वास मोजत होती. एकाएकी तो थांबला, उकंड्या उलटा झाला, देठ थुंकून टाकला.

"वयनी, सापडलं घर."

"मंग जा ना खाली."

"तुमी एकडाव पाहून घ्या."

"मी काय पाहू? मले पोहता येते का?"

"डोंग्यात बसा. डब्यातून पाहा. मंग सांगा, जाऊ का नोको."

त्यानं डोंगा तिथं आणला. मी पालथी पडून डोंग्याच्या कडेवरून वाकली, डबा पाण्यावर दाबला, डोळा लावला. आधी नुसतं हिरवं दिसलं. मग डोळा बसला. ऊन सरळ खाली जात होतं. शेजारच्या गणगणेंचं घर दिसलं, म्हणजे गाळाचा ढीग दिसला, त्यातून एक भिंत डोकं काढून. त्यापुढचं घर तसंच. सगळ्या गावावर पाच पावसाळ्यांचा गाळ, हातभर, मऊ, जशी काही रजई घातलेली.

आणि मग आमचं अंगण.

अंगणात गाळ नव्हता. काठोकाठ, जिथं आमची हद्द होती तिथपर्यंत, जमीन साफ. दगडी भिंती छातीएवढ्या उभ्या. उंबरा दिसत होता. उंबऱ्यापासून पायरीपर्यंत बारीक बारीक अर्धगोल रेघा उमटलेल्या होत्या, एकीला लागून एक. खराट्याच्या. मी तेरा वर्षं ते अंगण झाडलं आहे, मला खराट्याची रेघ कोणी शिकवू नये. पण माझ्या रेघा डावीकडून उजवीकडे पडतात. या उलट्या होत्या.

मी डबा वर घेतला.

"धारेनं साफ झालं असन," मी म्हटलं.

"अथी धार नाही, वयनी. तलाव हाय."

"जाशीन का नाही ते सांग."

उकंड्यानं हातावर पाणी घेतलं, डोळ्याला लावलं, सब्बल कमरेला खोचली. "पोरीसाठी जातो," तो म्हणाला. "तुमच्यासाठी नसतो गेलो."

बरोबर होतं त्याचं.

पहिली बुडी लांब झाली. पाणी मिटलं, सपाट झालं. मी दगडाचा दोर हातात धरून बसली. दोराला काहीच ओढ नव्हती. वर आला तेव्हा डोंग्याची कड धरून नुसता धापा टाकत राहिला.

"सापडला कोनाडा?"

"सापडला. लिपलेला हाय."

"मंग फोड ना."

"वयनी... माती मऊ हाय."

"पाण्यात कडक राहीन का, बाप्पा?"

"तसं नाही. पाच सालात पान्यात माती राह्यतच नाही, विरून जाते. नुसते दगड राह्यते. ही हाय. अन् जशी..." तो थांबला. मग त्यानं बोट वर केलं, मला दाखवलं. "बोट लावलं तं उमटलं. जशी आजच सकायी लिपली."

त्याच्या नखात माती होती. आमच्या घरची पांढरी माती, गव्हाचा कोंडा घालून तुडवलेली. मी अशी माती कधी केली नाही. मी कुटार, म्हणजे भुसा, घालते. कोंडा घालायची पद्धत माझ्या आधीची होती, दौलतरावांनी एकदा बोलता बोलता सांगितलं होतं.

तेव्हा मला काय वाटलं सांगू? भीती नाही. मला लाज वाटली. मी त्या घरातून निघताना घाईघाईनं, वेडंवाकडं लिपून निघाली होती. मागून कोणीतरी ते नीट करत बसलं होतं. पाच वर्षं. आणि दुसरा विचार आला, तो मात्र थंडगार होता. एकट्या जिवासाठी कोणती बाई रोज झाडते, रोज सारवते? घरात खाणारी तोंडं असली की हात चालतात. लेकरं असली की अंगण झाडलं जातं. वच्छलाची दोन गेली होती.

"जा," मी म्हटलं. "आता गेला तरच जाशीन. थांबला तं नाही."

तो गेला.

या खेपेला खालून बुडबुडे आले. आधी थोडे, मग एकदम खूप, जसं पाण्यानं भांडं भरावं तसे. गढूळ झालं नाही काहीच. मग बुडबुडे थांबले. मी मनात वच्छलाचं नाव घेत होती, देवाचं नाही. उकंड्या वर आला तो सरळ डोंग्यात चढला. मोठा दांडगा माणूस, अंगावर काटा फुललेला, दात वाजत होते. उजवी मूठ मिटलेली. मी ती बोटं एकेक करून सोडवली.

टाक होता. तोच. हात जोडलेली बाई, डाव्या कानाशी पत्र्याला चीर, तीच. पाच वर्षं पाण्यात राहून काळा पडायला हवा होता. घासल्यासारखा लखलखत होता. आणि गरम होता. उन्हात ठेवलेलं तांब्याचं भांडं असतं तसा नाही. चुलीजवळ ठेवलेलं असतं तसा.

पण मी पाहत होती उकंड्याचा हात. मनगटापर्यंत काळा झाला होता. काजळी. कोरडी काजळी, ओल्या हाताला धरलेली.

"आत पानी नव्हतं, वयनी," तो हळू बोलला. "दगड काढला, हात घातला तं... आत कोरडं होतं. ऊब होती. मांग चूल पेटली असली का कोनाडा कसा उबट लागते, तसा..."

"पुरे."

"अन् मी हात घातला तं पलीकडून..."

"पुरे म्हटलं ना उकंड्या. मले नाही ऐकाचं."

आजही मला ते माहीत नाही, पलीकडून काय. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. त्यानं हात तलावात धुतला, वाळू घेऊन घासला, पुन्हा धुतला. काळं गेलं, पण तो घासतच राहिला. पुढच्याच महिन्यात त्यानं डोंगा विकला आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेला. भोई जातीचा माणूस, विहिरीवर पाणी काढायलासुद्धा बायकोला पाठवतो म्हणतात.

मी बेटावर शिंदीच्या सावलीत टाकावर खण पांघरला, हळदीकुंकू वाहिलं. भाकरीचा पहिला घास काढून पुढं ठेवला. "चल," मी म्हटलं. "झालं ते झालं. घरी चल. तुह्या पोरीचे हाल तुले दिसत असन." माफी मागितली नाही. ते मला जमत नाही. टाक गळ्यात बांधला. पाच वर्षांत मान हलकी राहायची सवय झाली होती, बांधल्याबरोबर वाकली.

घरी पोचली तेव्हा दिवस कलला होता. दौलतराव वावरात होते. वच्छला ओसरीत भिंतीला टेकून बसली होती, पाय सुजलेले. तिनं माझ्या गळ्याकडे पाहिलं. मी ठरवूनच आली होती. तिच्यासमोर बसली आणि सगळं सांगून टाकलं. कुठं ठेवला, कसा लिपला, का लिपला. "तुह्या मायले मी भिंतीत गाडली," मी म्हटलं. "तुही दोन लेकरं माह्या पापानं गेली असन तं मले चपलीनं मार, पन आता रडू नोको. आणला हाय मी."

ती रडली नाही. बराच वेळ पोटावरून हात फिरवत राहिली.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"मी दारात होती, आई. तू लिपत होती तवा. मी पाह्यलं."

चौदा वर्षांची होती तेव्हा ती. मला वाटत होतं गाडीवर बसली आहे.

"मंग बापाले काहून नाही सांगितलं?"

"मले बरं वाटलं." ती जमिनीकडे पाहून बोलत होती. "सगळं आधी तिले. घास तिले, लुगडं तिले. तू नेहमी मांगं. मले वाटे, आपल्याले एकच माय असावी, अन् ती तू. तू बाहेर गेली, मंग मी आत गेली. त्या ओल्या मातीले तोंड लावून म्हटलं..."

"काय म्हटलं वच्छे?"

"म्हटलं, तू अथीच राह्य. घर सांभाळ. आमी येऊ लेकराबाळाईले घेऊन."

ओसरीवर माशी फिरत होती, तिचा आवाज येत होता. मी उठली, तिच्या जवळ सरकली, तिचं डोकं मांडीवर घेतलं. केवढी थोरली झाली होती, मांडीत मावत नव्हती. तशीच आम्ही दोघी दिवे लागेपर्यंत बसलो. पोरीनं पोरवयात एक शब्द टाकला होता, आणि त्या बाईनं तो खरा मानला होता. घर सांभाळलं होतं.

त्या रात्रीपासून चूळ भरणं थांबलं. सातवा गेला. आठवा गेला. मी पहिला घास टाकाला देत होती, न चुकता. नवव्यात, आषाढात, सुईणीनं हातावर पोरगी घेतली. रडली, अशी रडली की दौलतराव बाहेर बसल्या जागी रडायला लागले. वजनदार, काळे केस, मुठी आवळलेल्या. मी पाच महिन्यांनी पहिल्यांदा झोपली. दिवसभर झोपली, कोणी उठवलं नाही.

बाराव्या दिवशी बारसं केलं. दौलतरावांनी फार हौस केली. मला वाटलं नातीची हौस. सकाळी पाळणा टांगताना ते म्हणाले, "वच्छीचं बारसं झालंच नव्हतं. अकराव्या दिवशी तिची माय गेली. पाळना आनून ठेवला होता, तसाच परत केला." अठरा वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी लुगडी काढायला आत गेली. काम पडलं होतं.

दुपारी बाया जमल्या. पाळण्याला चारी अंगांनी लुगडी सोडली होती, नवी, रंगीत. आमच्याकडे दोन बाया पाळण्याच्या दोन बाजूंना बसतात. एकीनं लेकरू पाळण्याखालून द्यायचं, दुसरीनं घ्यायचं, पाळण्यावरून परत करायचं. असं तीनदा. मग नाव. मी अलीकडे बसली. पलीकडे शेजारची तुळसाबाई बसायची होती. पोरीला मी स्वतः आंघोळ घातली होती, कोरडी केली होती, टोपरं घालून हनुवटीखाली गाठ मारली होती. तेल लावलं नव्हतं, नवं टोपरं खराब होऊ नये म्हणून.

"घ्या बाई," मी म्हटलं आणि पोरीला लुगड्याच्या खालून पाळण्याखाली सरकवलं.

पलीकडून हातांनी घेतली. नीट घेतली, मानेखाली एक हात, कुल्ल्याखाली एक, जशी जाणती बाई घेते. वजन माझ्या हातावरून उतरलं. मी पाळण्यावरून हात पुढं करून थांबली. पोरगी परत यायची होती.

आली नाही.

"द्या ना बाई," मी म्हटलं. बाया हसल्या. कोणी म्हणालं, तुळसाबाईले आवडली, आता नाही देत.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून तुळसाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. "थांबजो वं रुख्माबाई, घुगऱ्या उतरवून राह्यली होती. मी बसल्याबिगर सुरू नोको करू."

मी ओरडली नाही. ओरडली असती तर वच्छलानं ऐकलं असतं, ती आतल्या खोलीत बाजेवर होती. मी खांद्यापर्यंत दोन्ही हात पाळण्याखाली घातले. पोरगी तिथंच होती, अधांतरी, कोणाच्या तरी हातावर. मी तिला काखेखाली धरलं आणि ओढलं. पलीकडून सोडलं नाही. जोर नव्हता त्या धरण्यात, हिसका नव्हता. आपलं लेकरू दुसऱ्याच्या हाती देताना आई जेवढं धरून ठेवते तेवढंच.

माझा टाक लुगड्याला टेकला होता. मी तोंड खाली घातलं आणि फक्त तिला ऐकू जाईल असं बोलली.

"सुभद्रे, मी म्हातारी झाली वं. मले आता भांडन होत नाही. दे."

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग वजन माझ्या हातात आलं.

मी पोरीला छातीशी घेतलं, उठली. म्हटलं, एकदाच पुरे, उकडून राह्यलं लेकराले, नाव ठेवून टाका. बायांना वाटलं रुख्माबाईचं डोकं फिरलं, ते त्यांना नेहमीच वाटतं. तुळसाबाईनं पलीकडचं लुगडं बाजूला करून पाहिलं, खाली नुसती सारवलेली जमीन. पोरगी शांत होती. डोळे मिटून चुटूचुटू ओठ हलवत होती, पोट भरल्यावर हलवते तसे.

आत नेऊन मी तिचं टोपरं सोडलं. गाठ माझीच होती, मी मारली तशीच, उजवीकडे वळलेली. आत टाळू भरलेली होती. काठोकाठ तेल, केसांतून ओघळून कानामागं आलेलं, बोटानं गोल गोल जिरवलेलं.

मी बोट लावून पाहिलं. तेल अजून कोमट होतं.